सेझर हिदाल्गोंचं ‘व्हाय इन्फर्मेशन ग्रोज’: काय घ्यावं, काय तपासावं

या वेळी एका पुस्तकाबद्दल लिहितेय, आणि त्या पुस्तकाच्या पाठीमागे उभ्या असलेल्या एका आकड्याबद्दल.

सेझर हिदाल्गो यांचं ‘व्हाय इन्फर्मेशन ग्रोज’ २०१५ मध्ये आलं. हिदाल्गो मूळचे चिलीचे, शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ. नेटवर्क सायन्समधलं मोठं नाव असलेले अल्बर्ट-लास्लो बाराबाशी हे त्यांचे पीएचडीचे गाइड. पुस्तक लिहिलं तेव्हा ते एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये होते. काही देश सतत नवीन, अवघड वस्तू बनवत श्रीमंत होतात आणि काही देश वर्षानुवर्षं तोच कच्चा माल विकत राहतात, असं का, हा पुस्तकाचा प्रश्न. त्यांचं उत्तर ‘माहिती, ज्ञान आणि कसब’ या तीन शब्दांभोवती फिरतं.

तुमच्यापैकी जे अर्थशास्त्र, विकास किंवा विज्ञान-धोरण या विषयांत पीएचडीची तयारी करताय, त्यांना हे पुस्तक आज ना उद्या भेटणारच. पुस्तक नाही तर निदान ‘आर्थिक जटिलता निर्देशांक’ तरी भेटेल. तो फुकट डाउनलोड होतो, देशवार मिळतो, कित्येक वर्षांचा मिळतो. रिग्रेशनच्या उजव्या बाजूला त्याला बसवलं आणि कॉलमला ‘देशातलं ज्ञान’ असं नाव दिलं की काम झालं, असं वाटू शकतं. व्हायवात मग कुणीतरी विचारतं, ‘हा आकडा ज्ञान मोजतो हे तुम्हाला कुणी सांगितलं?’ या प्रश्नाला उत्तर असायला हवं, म्हणून ही चिकित्सा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ज्ञान माणसांत आणि माणसांच्या जाळ्यात असतं, म्हणून ते हलवणं अवघड असतं, ही पुस्तकाची मुख्य कल्पना मला पूर्ण पटते. पण दोन ठिकाणी पुस्तक घाई करतं. एक, ही कल्पना आणि तिचं माप यांच्यात जे अंतर आहे ते नीट दाखवत नाही. दुसरं, ज्ञान ‘हलत नाही’ आणि ज्ञान ‘हलू दिलं जात नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यातली दुसरी बरीचशी बाजूला राहते.

आधीचा वाद, थोडक्यात

रॉबर्ट सोलो यांनी १९५७ मध्ये एक हिशेब मांडला. १९०९ ते १९४९ या काळात अमेरिकेत दर श्रमतासामागे जी उत्पादनवाढ झाली, तिचा साधारण आठवा भागच भांडवल वाढल्यामुळे आला होता. उरलेले सात भाग? त्याला त्यांनी ‘तांत्रिक बदल’ म्हटलं. म्हणजे मोजता येणारं सगळं वजा करून जे उरलं ते. आपल्याला जे कळत नाही त्याचंच हे माप आहे, अशा अर्थाची टिप्पणी मोझेस अब्रामोविट्झ यांनी याच सुमाराला केली होती.

पॉल रोमर यांनी १९९० च्या लेखात या उरलेल्या भागाला अर्थव्यवस्थेच्या आत आणलं. कल्पनेचे दोन गुण त्यांनी वेगळे केले. पहिला, वापरल्याने ती संपत नाही. माझ्या ताटातली भाकरी तुम्ही खाल्लीत तर मला उरत नाही, पण भाकरी करायची रीत दोघांनाही पुरते. दुसरा, कल्पनेपासून इतरांना काही प्रमाणात दूर ठेवता येतं: पेटंटने, गुपिताने, कायद्याने. या कामासाठी त्यांना २०१८ मध्ये नोबेल मिळालं. हे दोन गुण लक्षात ठेवा, खाली लागणार आहेत.

पुस्तक काय म्हणतं

हिदाल्गो सुरुवात फार मागून करतात: बोल्ट्झमन, शॅनन, श्रोडिंजर, प्रिगोजिन. विश्वात एन्ट्रॉपी वाढत असताना पृथ्वीवर सुव्यवस्था कशी साठते? त्यांच्या मते त्यासाठी तीन गोष्टी लागतात. ऊर्जेचा सतत प्रवाह, म्हणजे समतोलापासून दूर असलेली व्यवस्था. माहिती टिकून राहील असे घन पदार्थ. आणि पदार्थाची आकडेमोड करण्याची क्षमता, जी झाडात आहे, पेशीत आहे, माणसात आहे.

मग ते वस्तूंकडे येतात. वस्तू म्हणजे कल्पनेचे स्फटिक, असं त्यांचं रूपक आहे. झाडावरचं सफरचंद आधी जगात होतं, मग आपल्या डोक्यात आलं. ॲपल कंपनीचा फोन आधी कुणाच्या तरी डोक्यात होता, मग जगात आला. टूथपेस्ट विकत घेताना आपण फ्लोराइडचं रसायनशास्त्र शिकत नाही, ज्यांना ते येतं त्यांच्या ज्ञानाचा उपयोग तेवढा विकत घेतो. महागडी बुगाटी गाडी भिंतीवर आदळली की एकही अणू कमी होत नाही, वजन तेवढंच राहतं, पण किंमत जाते. किंमत अणूंच्या रचनेत होती.

यानंतर येतो ‘पर्सनबाइट’. एका माणसात जास्तीत जास्त जेवढं ज्ञान आणि कसब मावू शकतं तेवढं म्हणजे एक पर्सनबाइट. एखाद्या वस्तूला त्याहून जास्त लागत असेल तर माणसांची जोडणी हवी, आणि जोडणीला विश्वास लागतो, ओळखी लागतात, संस्था लागतात. इथे ते समाजशास्त्राकडे वळतात: ग्रॅनोवेटर यांचं ओळखीच्या धाग्यांवरचं काम, फुकुयामांचं विश्वासावरचं, ॲनाली सॅक्सेनियन यांची सिलिकॉन व्हॅली आणि बॉस्टनच्या रूट १२८ ची तुलना. एका कंपनीतही जेव्हा सगळं मावत नाही तेव्हा ‘फर्मबाइट’ची मर्यादा लागते, आणि कंपन्यांचं जाळं उभं राहावं लागतं.

शेवटी निष्कर्ष असा: देश कोणत्या वस्तू बनवू शकतो हे तिथल्या माणसांच्या जाळ्यात किती आणि कोणतं ज्ञान मावलंय यावर ठरतं. म्हणून त्याच्या निर्यातीची यादी वाचून त्याचं ज्ञान ओळखता येतं आणि पुढच्या वाढीचा अंदाजही बांधता येतो.

जे पटतं

पर्सनबाइट ही कल्पना मला फार उपयोगी वाटते, आणि तिला पुस्तकाबाहेरही आधार आहे. समाजशास्त्रज्ञ हॅरी कॉलिन्स यांनी १९७४ मध्ये टीईए लेझर बनवणाऱ्या प्रयोगशाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लेझर कसा बनवायचा हे छापून आलेलं होतं. तरी केवळ छापील माहितीवरून कुणालाच चालणारा लेझर बनवता आला नाही. ज्यांना जमला, त्यांचा आधीच लेझर बनवलेल्या कुणाशी तरी प्रत्यक्ष संबंध आला होता. आणि गंमत म्हणजे शिकवणाऱ्यालाही आपण नेमकं काय शिकवलं ते सांगता येत नव्हतं. लॅबमध्ये काम केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. प्रोटोकॉल तोच, रसायनं तीच, पण सीनियरच्या हाताला जे येतं ते आपल्या हाताला यायला सहा महिने लागतात.

म्हणूनच ‘इंटरनेट आलं, आता ज्ञान सगळ्यांना सारखंच मिळणार’ हे वाक्य अर्धवट आहे. माहिती मिळते, कसब मिळत नाही. हिदाल्गो हा फरक ठासून मांडतात, आणि विकासाच्या चर्चेत त्याची गरज होतीच. नुसती यंत्रं आयात करून किंवा नुसती शाळेतली वर्षं वाढवून उद्योग का उभा राहत नाही, याचं एक पटणारं कारण त्यातून मिळतं. शाळेतली वर्षं प्रत्येक माणसात सारख्याच गोष्टी भरतात. उद्योगाला मात्र एकमेकांपासून वेगळ्या गोष्टी येणारी माणसं एकत्र हवी असतात.

पहिल्या, भौतिकशास्त्राच्या भागाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. तो वाचायला सुंदर आहे, पण पुढच्या अर्थशास्त्राचं ओझं तो उचलत नाही. शॅनन यांच्या व्याख्येत यादृच्छिक अक्षरांच्या ओळीत सगळ्यात जास्त माहिती असते. हिदाल्गोंना मात्र माहिती म्हणजे सुव्यवस्था म्हणायचं आहे. हा फरक त्यांना ठाऊक आहे आणि ते तो सांगतातही. पण पुढे जो निर्देशांक येतो, त्यात ना बिट मोजले जातात ना एन्ट्रॉपी. पहिली प्रकरणं वाचून ‘आता या आकड्याला भौतिकशास्त्राचा पाया आहे’ असं मनात बसतं, तिथे सावध राहा. आकड्याचा पाया वेगळा आहे. तो बघू.

आकडा कसा बनतो

हिदाल्गो आणि रिकार्डो हाउसमन यांनी २००९ मध्ये ही पद्धत मांडली. त्याआधी, २००७ मध्ये, हिदाल्गो, क्लिंगर, बाराबाशी आणि हाउसमन यांनी ७७५ उत्पादनांचा नकाशा काढला होता: जे देश एक वस्तू निर्यात करतात ते दुसरी कोणती करतात, यावरून कोणत्या वस्तू एकमेकींच्या शेजारी आहेत ते ठरवायचं.

पद्धत समजायला छोटं उदाहरण घेऊ. समजा क, ख, ग हे तीन देश आहेत. क देश केळी, सुती कापड, पाण्याचे पंप आणि स्कॅनर निर्यात करतो. ख फक्त केळी आणि कापड. ग फक्त केळी. (‘निर्यात करतो’ याचा इथला अर्थ: जगाच्या व्यापारात त्या वस्तूचा जेवढा वाटा आहे, त्याहून देशाच्या निर्यातीत तिचा वाटा कमी नाही. हे बलासा यांचं १९६५ चं माप.)

आता दोन गोष्टी मोजा. देशाची विविधता: क ची ४, ख ची २, ग ची १. आणि वस्तू किती देश बनवतात: केळी ३, कापड २, पंप १, स्कॅनर १. क च्या वस्तू सरासरी १.७५ देश बनवतात, ख च्या २.५, ग च्या ३. म्हणजे ज्याच्याकडे विविधता जास्त, त्याच्या वस्तू इतरांना न जमणाऱ्या. इथपर्यंत कल्पना आणि आकडा हातात हात घालून चालतात.

आता चौथा देश घ आणा, जो फक्त कच्चे हिरे विकतो. त्याची वस्तू फक्त १ देश बनवतो. सरासरी १. मग घ हा क पेक्षाही ज्ञानी झाला का? नाही, त्याच्या जमिनीत हिरे आहेत एवढंच. म्हणून पुढची पायरी: ती वस्तू बनवणारे देश स्वतः किती विविध आहेत ते बघा. स्कॅनर बनवणाऱ्याची विविधता ४, हिरे विकणाऱ्याची १. हिरे खाली गेले. असं आलटून पालटून देशाकडून वस्तूकडे आणि वस्तूकडून देशाकडे जात राहायचं. गणिताच्या भाषेत याचा शेवट एका मॅट्रिक्सच्या आयगेनव्हेक्टरवर होतो, आणि तोच आर्थिक जटिलता निर्देशांक.

युक्ती हुशारीची आहे. देशाच्या आत काय आहे ते न बघता, फक्त जकातीच्या कागदांवरून आतलं ओळखायचा प्रयत्न आहे. आणि उत्पन्नाच्या मानाने ज्यांचा निर्देशांक जास्त, ते देश पुढे जास्त वेगाने वाढताना दिसले, हा निष्कर्षही त्यांनी आकड्यांनिशी मांडला.

पण तो नेमकं काय मोजतो?

इथे २०१९ चा एक लेख वाचाच. पेनी मीली, डॉइन फार्मर आणि अलेक्झांडर टेटेलबॉइम यांनी ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये दाखवलं की हा निर्देशांक गणिती दृष्ट्या एका जुन्या क्लस्टरिंग पद्धतीशी समतुल्य आहे. सोप्या शब्दांत: सगळ्या देशांना एका रेषेवर असं उभं करायचं की ज्यांची निर्यात सारखी ते जवळजवळ येतील. देशाची जागा म्हणजे त्याचा निर्देशांक. देशाकडे किती क्षमता आहेत याची मोजणी त्यात होत नाही. विविधता आणि हा निर्देशांक तर गणिताने एकमेकांशी काटकोनात असतात. रेषेचं कुठलं टोक ‘जटिल’ म्हणायचं हेही गणित सांगत नाही. विविधतेशी सहसंबंध बघून ते आपण ठरवतो.

याचा अर्थ निर्देशांक निकामी आहे असा नाही. देशांना निर्यातीच्या सारखेपणावर उभं केल्यावर एका टोकाला श्रीमंत देश येतात, हा स्वतःच एक मोठा शोध आहे. हिदाल्गोंनीही २०२१ च्या आढावा लेखात या पद्धती बऱ्याच मोकळेपणाने, मिती कमी करण्याच्या पद्धती म्हणून मांडल्या आहेत. प्रश्न वाक्यरचनेचा आहे. ‘अमुक देशाचं ज्ञान दहा वर्षांत दुप्पट झालं’ असं या आकड्यावरून म्हणता येत नाही. आकडा दरवर्षी सगळ्या देशांच्या सरासरीभोवती बसवलेला असतो, त्यामुळे तुम्ही जागेवर राहिलात आणि बाकीचे हलले तरी तुमचा आकडा बदलतो. पॅनेल डेटा वापरणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

दुसरी अडचण मालाच्या व्यापाराची. युकिंग शिंग आणि नील डेटर्ट यांनी २०१० मध्ये आयफोनचा हिशेब मांडला: कारखान्यातली किंमत १७८.९६ डॉलर, त्यात चीनमधल्या जुळणीचा वाटा ६.५० डॉलर. निर्यातीच्या आकड्यात मात्र पूर्ण फोन चीनच्या नावावर. तेव्हा त्या फोनमधलं ज्ञान कुठे होतं? जपानी, कोरियन, जर्मन, अमेरिकन सुट्या भागांत. आज आयफोनची जुळणी तमिळनाडूतही होते आणि भारताच्या निर्यातीच्या यादीत स्मार्टफोन वर चढला आहे. जुळणीतूनही कसब येतं हे खरं, चीनने ते करून दाखवलं. पण ते किती आलं हे निर्यातीची यादी सांगत नाही. त्यासाठी कारखान्यात जावं लागेल.

तिसरी अडचण उलट बाजूची. भारताचं सगळ्यात मोठं निर्यातक्षम कसब सॉफ्टवेअर आणि सेवांमध्ये आहे. मूळ निर्देशांक जकातीच्या आकड्यांवर बेतलेला असल्यामुळे पुणे, बंगळुरू, हैदराबादचा हा सगळा भाग त्यात दिसतच नव्हता. पुढे यावर काम झालंय. २०२३ मध्ये स्टोयकोस्की, कॉख आणि हिदाल्गो यांनी निर्यात, पेटंट आणि शोधनिबंध असे तीन वेगळे निर्देशांक एकत्र वापरून बघितले. दुरुस्ती चांगली आहे, पण तिची गरज पडली यातच मूळ दाव्याची मर्यादा दिसते.

महाराष्ट्राच्या पातळीवर हा निर्देशांक काढू पाहणाऱ्यांसाठी एक सूचना: न्हावाशेवा बंदरातून जाणारा सगळा माल महाराष्ट्रात बनलेला नसतो. माल ‘कुणाचा’ हे आकड्यात कसं ठरवलंय ते आधी शोधा, मगच मॅट्रिक्सला हात लावा.

कुलपाचा प्रश्न

आता दुसरा, मला जास्त महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. रोमर यांचे दोन गुण आठवा. हिदाल्गो त्यातल्या पहिल्यावर चांगली दुरुस्ती करतात: कल्पना वापराने संपत नाही हे खरं, पण माणसातलं कसब जड असतं, सहज कॉपी होत नाही. दुसऱ्या गुणाबद्दल, म्हणजे ज्ञानाला कुलूप लावता येतं याबद्दल, पुस्तक फारसं बोलत नाही. भारतातल्या औषध उद्योगाचा इतिहास घेतला की हे मौन खटकतं.

सुरुवात हिदाल्गोंच्या बाजूने करू. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. १९६१ मध्ये सोव्हिएत मदतीने आयडीपीएल आली, तिचा एक कारखाना हृषीकेशला, एक हैदराबादला. या सरकारी कारखान्यांचा धंदा कसा झाला यावर वाद घाला, पण त्यांनी माणसं घडवली. डॉ. के. अंजी रेड्डींची वाट बघा: मुंबईच्या यूडीसीटीत (आजची आयसीटी) पदवी, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून पीएचडी, मग हैदराबादच्या आयडीपीएलमध्ये नोकरी, आणि १९८४ मध्ये स्वतःची डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज. पर्सनबाइट चालत गेला आणि नव्या ठिकाणी रुजला, याचं याहून स्वच्छ उदाहरण सापडणं कठीण. हैदराबाद हे औषधांचं शहर झालं त्यात आयडीपीएलमधून बाहेर पडलेल्या माणसांचा मोठा हात आहे.

पण नुसती माणसं पुरली असती का? १९११ च्या ब्रिटिशकालीन पेटंट कायद्याखाली औषधाच्या रेणूवरच पेटंट मिळत असे. मग तो रेणू दुसऱ्या मार्गाने बनवण्याचं कसब तुमच्याकडे असूनही उपयोग नाही. न्या. राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये यावर सविस्तर अहवाल दिला, आणि त्यातून १९७० चा पेटंट कायदा आला, जो २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. आता औषधावर पेटंट नाही, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर, तेही कमी वर्षांसाठी. ज्या रसायनतज्ज्ञांना एकाच रेणूकडे जायच्या चार वाटा शोधता येत होत्या, त्यांचं कसब एका कायद्याने एकदम मौल्यवान झालं. त्यांच्या डोक्यात रातोरात काही नवीन शिरलं नव्हतं.

२००१ मध्ये सिप्लाने एचआयव्हीवरच्या तीन औषधांचं मिश्रण ‘मेदसाँ सां फ्राँतिएर’ या संस्थेला दर रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केलं. त्या काळी श्रीमंत देशांत अशा उपचाराचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. तिन्ही रेणूंचे हक्क इतरत्र तीन वेगवेगळ्या कंपन्यांकडे होते. आफ्रिकेतल्या रुग्णापर्यंत औषध पोहोचत नव्हतं, ते बनवण्याचं ज्ञान कमी पडत होतं म्हणून? मुंबईतल्या कंपनीकडे ते होतं. आड येत होती किंमत, आणि किमतीच्या मागे कायदा. ‘ज्ञान जड आहे’ एवढ्याच सूत्राने या घटनेचा उलगडा होत नाही.

इथे कुणी म्हणेल, आणि ते योग्यच आहे, की औषधांवर उत्पादन-पेटंट न देणारे देश त्या काळात अनेक होते, सगळ्यांकडे काही औषध उद्योग उभा राहिला नाही. बरोबर. कायदा उघडला आणि आत शिरायला माणसंच नाहीत, तर काही होत नाही. म्हणून दोन्ही लागतं. पण मग सिद्धान्तातही दोन्ही यायला हवं. वाढीची गती ठरवताना ज्ञान हलवण्याची अडचण मोजायची आणि हलवायला परवानगी कुणाकडून लागते हे सोडून द्यायचं, यात गरीब देशाचं मागासपण फक्त त्याच्या आतल्या जाळ्याचा दोष दिसू लागतं. २००५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार भारताने उत्पादन-पेटंट परत आणलं. हा बदल कुठल्याही विश्वासाच्या जाळ्याने ठरवला नव्हता.

ज्ञान विसरलंही जातं

पुस्तकाच्या शीर्षकात ‘वाढते’ आहे. पिंपरीची गोष्ट मात्र पुढे उलटी जाते. पेनिसिलिन-जी हा अनेक प्रतिजैविकांचा कच्चा माल. स्वस्त चिनी मालापुढे भारतातलं त्याचं उत्पादन हळूहळू बंद पडलं, आणि आपण मुख्यतः आयातीवर आलो. २०२० मध्ये सरकारने औषधांच्या कच्च्या मालासाठी उत्पादन-प्रोत्साहन योजना आणली, त्यात पेनिसिलिन-जी होतं. म्हणजे जे पिंपरीत कधीकाळी होत होतं ते पुन्हा सुरू करायला अनुदान द्यावं लागलं.

बुरशी वाढवण्याची टाकी बंद केली की तिच्याजवळ उभं राहून वास, फेस, तापमान ओळखणारी माणसं निवृत्त होतात. त्यांच्या जागी कुणी शिकत नाही. कागद राहतात, कसब जातं. खरं तर हिदाल्गोंच्याच सिद्धान्तातून हे निघतं: ज्ञान माणसांत असेल तर माणसांबरोबर ते जाणार. पण निर्यातीच्या आकड्यात याच काळात भारताची औषध निर्यात जोरात वाढत होती, कारण तयार गोळ्या आपण करत होतो. वरचा मजला उंच होत असताना खालचा मजला रिकामा होत होता. निर्देशांकाला वरचा मजला दिसतो.

सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांसाठी

पुस्तक वाचा. पर्सनबाइट, कसब आणि जाळ्यांवरचा मधला भाग सावकाश वाचा, तिथे पीएचडीचे खूप प्रश्न दडलेले आहेत. सुरुवातीचा भौतिकशास्त्राचा भाग आनंदासाठी वाचा. निर्देशांकाकडे वळताना मात्र २००९ चा मूळ लेख आणि २०१९ चा मीली-फार्मर-टेटेलबॉइम यांचा लेख शेजारी ठेवा, आणि वरचं चार देशांचं उदाहरण वहीवर स्वतः करून बघा. हाताने केलं की कळतं.

मग स्वतःच्या सिनॉप्सिसला तीन प्रश्न विचारा. मी ‘ज्ञान’ म्हणतेय तेव्हा माहिती, ज्ञान की कसब? मी वापरलेला आकडा यातलं काय बघतो आणि काय बघूच शकत नाही? आणि माझ्या उदाहरणात ज्ञान पोहोचलं नसेल, तर ते जड होतं म्हणून, की कुलूप होतं म्हणून? तिसऱ्या प्रश्नासाठी डेटाबेस पुरत नाही. कायद्याची कलमं, जुने समिती अहवाल, कारखान्यातून निवृत्त झालेल्यांच्या मुलाखती लागतात. पिंपरी पुण्याच्या अगदी जवळ आहे, आणि पेनिसिलिनच्या टाक्यांवर काम केलेली पिढी आता म्हातारी झालीय. कुणाला विषय शोधायचा असेल तर हा घ्या, पण लवकर घ्या.